चार खांबांवरची माई

माईच्या चिरंजीवाला पन्नाशीत खेळणं हवं होतं. साधंसुधं नाही, गाडी उचलणारं. घरच्या गॅरेजमध्ये बसवायची लिफ्ट. गाडी वर जाणार, चिरंजीव खाली उभे राहणार आणि मान वर करून गाडीच्या पोटाकडे बघत बसणार, असा एकूण बेत.

आठवडाभर कचेरीत कागद इकडचे तिकडे करायचे आणि सुट्टी आली की जुनाट गाडीखाली पुठ्ठा टाकून लोळायचं, हा त्याचा छंद. गाडी तरी कसली, रंग उडालेला, दारं लोंबणारा सांगाडा. कुणीतरी टाकून द्यायचा आणि याने लाडाने उचलून आणायचा, जखमी मांजर आणल्यासारखा. लोळून लोळून शेवटी पाठीचा मणका सरकला. डॉक्टरने सांगितलं, आता जमिनीवर झोपून काम बंद. शहाण्या माणसाने तिथे छंदाला हात जोडले असते. याने गाडीच वर न्यायची ठरवली.

बरं, न्यायची तर ने. पण गॅरेजचं छत बुटकं. उंच माणसाने उडी मारून हात वर केला तर बोटं टेकावीत इतकं बुटकं. आणि ते तसं का, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. घर बांधताना माई गवंड्याच्या उरावर उभी राहिली होती. म्हणाली होती, "गाडीला कशाला हवी उंची? ती काय उभी राहून झोपते? ती उंची माझ्या खोलीला द्या." गवंड्याने दिली. न देऊन सांगतो कुणाला? म्हणून खाली गॅरेज बसकं आणि त्याच्या डोक्यावर माईची खोली अशी ऐसपैस, की कोपऱ्यातलं जाळं काढायला शिडी लागायची. खोलीला तीन खिडक्या. एकीतून रस्ता दिसे, एकीतून शेजारणीचं अंगण आणि तिसरीतून घराचं फाटक. कोण कधी आलं, कोण कुणाच्या गाडीतून उतरलं, कुणाचा नवरा हातात फुलं घेऊन आला म्हणजे काय घोटाळा करून आला, सगळं माईला पलंगावरून कळे.

आता चिरंजीवाला गाडीखाली ताठ उभं राहायचं तर गाडीची चाकं त्याच्या डोक्याच्या वर जाणार, आणि गाडीचा टप निघणार थेट माईच्या पलंगातून. हे समजायला कॉलेज लागत नाही. माईने दुसरीत शाळा सोडली होती, तरी लिफ्टचं पहिलं चित्र बघताक्षणी तिला समजलं. चिरंजीवालाही समजलं होतं. फक्त तोंडातून शब्द फुटत नव्हता.

शब्द फुटत नव्हता, पण बाकी सगळं फुटत होतं. स्वयंपाकघराला लागून एक अडगळीची खोली होती, खिडकीबाहेर शेजाऱ्याची भिंत. तिला अचानक रंग लागला. गुलाबी. सूनबाई सकाळ-संध्याकाळ विचारायला लागली, "माई, जिना जड जातो का हो हल्ली?" आजवर जी बाई आपल्याला जिन्यात बघून बाजूला व्हायची, तिला जिन्याचा एवढा कळवळा कुठून आला, हे काय माईला समजत नव्हतं? आणि जावईबापू! लेक बिचारी नोकरीवर राबते आणि हे फोनवर व्हिडिओ बघून जगातल्या प्रत्येक धंद्यातले तज्ज्ञ झालेले. एका दुपारी माई झोपेतून उठली तर हे तिच्या खोलीत हातात यंत्र घेऊन उभे, आणि समोरच्या भिंतीवर लाल ठिपका नाचतोय.

"काय चाललंय?" माईने विचारलं.

"काही नाही, काही नाही. भिंत सरळ आहे का बघत होतो."

"भिंतीचं सोडा. तुम्ही सरळ आहात का ते बघा."

जावईबापू हसत हसत जिना उतरले. ज्याला लाज नसते तो असाच हसतो, सगळे दात दाखवून.

माईने मनाशी ठरवलं, आपण एक अक्षर काढायचं नाही. ज्याला हवंय त्याने समोर येऊन मागावं. माई, तुझी खोली मला दे, असं तोंडावर म्हणावं. तसं म्हणाला तर देऊनही टाकीन. गुलाबी खोलीत गेले म्हणून काही मरणार नाही मी. पण चोरासारखी घ्यायला आला तर उंबरा ओलांडू देणार नाही. पोटचा पोरगा आईकडे मागायला घाबरतो आणि आईच्या पाठीमागे भिंती मोजतो, याहून किळसवाणं काय असेल?

मग एके सकाळी चिरंजीव लिफ्ट बघायला निघाले. बरोबर सूनबाई आणि अर्थातच जावईबापू. माई जिन्यावरून ओरडली, "मी पण येते."

खाली अशी शांतता पसरली, जसं कुणाच्या हातून काचेचं भांडं पडलंय आणि आता वाकून तुकडे कुणी उचलायचे.

"माई, तू कशाला? तिथे सगळं लोखंड," चिरंजीव म्हणाला.

"लोखंड बघितलंय मी. तुझ्या बापाशी संसार केलाय."

गाडीत माई मागे बसली, उजव्या कोपऱ्यात. ही गाडी त्यातल्या त्यात चालणारी, म्हणजे दारं लागत होती आणि काचा हाताने फिरवून वर-खाली होत होत्या. मागच्या काचांना उन्हासाठी पडदे होते. वाटभर जावईबापूंनी तोंडाचा पट्टा सोडला होता. दोन खांबांची लिफ्ट म्हणजे खरी लिफ्ट, गाडीच्या पोटाखाली चार हात घालून अलगद उचलते. पण तिला खाली काँक्रीट जाड हवं. चार खांबांची म्हणजे रॅम्पवर गाडी चढवायची आणि गाडी रॅम्पसकट वर. वर एक गाडी ठेवा, खाली दुसरी लावा. आणि कात्रीची म्हणजे—

"कात्रीची नवशिक्यांची," जावईबापू म्हणाले. "छातीएवढीच जाते. आपल्याला ती नकोच."

"आपल्याला?" माई म्हणाली. "तुम्ही पण येणार का राहायला, लिफ्टवर?"

त्यानंतर माई गप्प झाली.

इथे या घरची एक रीत सांगायला हवी. माई गप्प झाली की तिच्याकडे बघायचं नाही. बघितलं की ती बोलते, आणि बोलली की पुढचे चार दिवस जेवण गोड लागत नाही. ही रीत कुणी शिकवली नव्हती. सूनबाई लग्न होऊन आली आणि पहिल्या महिन्यात आपोआप शिकली. नातवंडं पाळण्यात शिकली. कुत्रासुद्धा शिकला होता. माई गप्प असली की सगळे तिच्या अवतीभवती असे वावरायचे, जसं त्या खुर्चीत उशी ठेवलीय. बघता बघता त्यांची सवय अशी पक्की झाली होती की गप्प माई त्यांना खरोखरच दिसेनाशी व्हायची.

दुकान मोठं होतं, पुढे काचा, आत चकचकीत फरशी. सूनबाई आणि जावईबापू पुढच्या दाराशी उतरले. माईने नकाराची मान हलवली. लोखंडाच्या दुकानात आपण पाय ठेवत नाही, असा तिचा एकूण चेहरा होता. सूनबाईला वाटलं, माई चिरंजीवांबरोबर गाडीतच बसतील. ती तोंड धुवायला आत गेली. तेवढ्यात एक टायवाला पोरगेला माणूस धावत आला. केसाला तेल, बुटाला पॉलिश, आणि तोंडात 'सर' इतक्या वेळा की मधले शब्द शोधावे लागावेत.

"सर, गाडी मागच्या दाराने आत घ्या सर. तुमच्याच गाडीवर डेमो देतो सर."

चिरंजीवाचे डोळे असे लकाकले, जत्रेतला पाळणा बघून शेंबड्या पोराचे लकाकतात तसे. त्याने गाडी फिरवली, मागच्या शेडमध्ये घेतली आणि टायवाल्याच्या हातवाऱ्यांवर चार खांबांच्या मधल्या रॅम्पवर चढवली. उतरला. दार लावलं. मागे वळून बघितलं नाही. रीतच होती.

टायवाल्याने पेटीवरच्या बटणावर हात ठेवला आणि विचारलं, "गाडीत कुणी नाही ना सर?"

"छे. कुणी नाही," चिरंजीव म्हणाला.

माई पडद्याआड बसून होती, शाल नाकापर्यंत. तिने ऐकलं. खोकली असती तर तिथेच विषय मिटला असता. पण कुणी नाही! पोटात वाढवलं, ताप आला की रात्ररात्र मांडीवर घेतलं, आणि हा टाय लावलेल्या परक्याला सांगतो, कुणी नाही. बरं, म्हटलं. कुणी नाही तर कुणी नाही. बघू या कुणी नसताना तू काय बोलतोस.

मोटर घरघरली. गाडी हलली आणि वर निघाली. दर वितीला कुठेतरी खट् असा आवाज होई. तिने पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी गच्च धरली. घाबरली असं म्हणायचं नाही. माई घाबरत नसे. फक्त तिला खाली बघावंसं वाटेना.

पण गाडी थांबल्यावर बघितलं. चष्मा सावरून, पडदा बोटभर सरकवून बघितलं. आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडलं. वरून माणसं जशी असतात तशी दिसतात. टायवाल्याच्या केसाचा काळा रंग फक्त बाजूंना होता, मधोमध पांढरी वाट. जावईबापू तेवढ्यात आत आले होते आणि त्यांच्या शर्टाच्या मागे किमतीची चिठ्ठी तशीच लोंबत होती. आणि आपला चिरंजीव, त्याच्या टाळूवर चांगलं थाळीएवढं टक्कल. समोरून मोठा साहेब, वरून अंडं.

"काय उंची आहे!" चिरंजीव गाडीखाली जाऊन म्हणाला. ताठ उभा राहिला आणि हात वर करून गाडीच्या पोटाला असा लावला, जसं गाय विकत घेतोय. "अरे, बघ, बघ. पाठ अजिबात वाकवावी लागत नाही."

"सर, तुमच्याकडे छत किती आहे?"

"छत काढावं लागेल."

"वर काय आहे सर?"

"एक खोली आहे. आईची. पण ती आता खालीच राहणार आहे. गुडघे गेलेत तिचे. जिना झेपत नाही. तिच्याच भल्याचं आहे."

माईने आपल्या गुडघ्यांकडे बघितलं. गुडघे जागच्या जागी होते.

तेवढ्यात सूनबाई आली. "माईंशी बोललात का पण?"

"त्यात बोलायचं काय? एकदा गवंडी आला, काम सुरू झालं की आपोआप कळेल तिला."

"आणि आरडाओरडा केला तर?"

"म्हणून मी म्हणतो," जावईबापूंनी आवाज खाली आणला, पण खाली आणलेला आवाज लोखंडाच्या शेडमध्ये वर जातो हे व्हिडिओत सांगत नसावेत, "थोडे दिवस माईंना आमच्याकडे पाठवा. लेकीकडे, विश्रांतीला. परत येतील तोवर छत गेलेलं. सामान गुलाबी खोलीत लावलेलं. पलंगावर नवी चादर. काय करतील? दोन दिवस बडबडतील आणि गप्प होतील."

"गप्प झाल्या की बरंच असतं म्हणा," चिरंजीव म्हणाला आणि तिघं हसले. टायवालाही हसला. गिऱ्हाईक हसलं की हसायचं, त्याला तेवढंच शिकवलेलं.

मग सूनबाईने इकडेतिकडे बघितलं. "अहो, माई कुठे आहेत?"

"तुझ्याबरोबर नव्हती?"

"माझ्याबरोबर? मी तर तोंड धुवायला गेले होते. तुमच्याबरोबर गाडीत होत्या ना?"

मग एकेक करून तिघांच्या माना वर झाल्या. वर काच करकरत खाली येत होती. काच थांबली आणि खिडकीतून माईचं डोकं बाहेर आलं.

"थांबलात का?" माई म्हणाली. "चालू द्या की. इथे कुणी नाही."

टायवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. "आजी! आजी, हलू नका! नियम आहे, गाडीत माणूस चालत नाही!"

"नियम मघाशी कुठे गेला होता? आणि आजी कुणाची रे? तुझी आजी घरी असेल, तिच्यावर ओरड जा."

तो बटणाकडे धावला. माईने दाराच्या कडीवर हात ठेवला. "बटणाला हात लावलास तर मी दार उघडून उतरेन. मग सांग तुझ्या मालकाला, काय नियम होता ते."

टायवाला जिथल्या तिथे थिजला, एक पाय पुढे, एक मागे.

"माई, वेडेपणा करू नकोस," चिरंजीव खालून म्हणाला. चेहरा पांढराफटक. "खाली ये. घरी जाऊन बोलू."

"घरी आपण बोलत नाही. घरी तुम्ही रंग लावता आणि भिंती मोजता. इथे बोल."

"अगं, तुझ्या गुडघ्यांसाठीच—"

"गुडघे माझे आहेत. त्यांच्या नावावर काही न्यायचं नाही. दुसरं बोल."

"माई, मी सांगतो," जावईबापू पुढे सरसावले, "याचं कसं आहे, तांत्रिकदृष्ट्या पाहिलं तर—"

"जावईबापू, तुमच्या मानेमागे चिठ्ठी लोंबतेय. नवा शर्ट ना? आधी ती काढा, मग मला लेकीकडे पाठवा."

जावईबापूंचा हात मानेमागे गेला आणि पुढचा सगळा वेळ तो तिथेच चिठ्ठीशी झटापट करत राहिला.

"मी वाट बघतेय," माई म्हणाली. "मला काही घाई नाही. हवा चांगली आहे इथे."

चिरंजीवाने एकदा बायकोकडे बघितलं. सूनबाईने नजर फरशीला लावली. टायवाल्याकडे बघितलं, तो खांबाकडे बघत होता. बराच वेळ त्याच्या मानेवरची शीर नुसतीच हलत होती. माई वरून बघत होती आणि तिच्या तोंडात कडू पाणी येत होतं. एवढा मोठा झाला, कचेरीत माणसं हाताखाली आहेत म्हणे, आणि एका वाक्यासाठी आतल्या आत असा चुळबुळतोय, मुतायला परवानगी मागणाऱ्या पोरासारखा.

आणि मग तो ओरडलाच.

"हवीय मला तुझी खोली! झालं? हवीय! गुडघ्यांचा काही संबंध नाही. जिना तू माझ्यापेक्षा भराभर चढतेस. मला गाडीखाली उभं राहायचंय, बस. आठवडाभर त्या खुर्चीत मी नुसता सडत असतो. सुट्टीच्या दिवशी हाताला ग्रीस लागलं की माणूस असल्यासारखं वाटतं. आता पाठीमुळे तेही गेलं. गाडीला छत आडवं येतं आणि मला तू आडवी येतेस. लहानपणापासून तूच आडवी येतेस! तुला विचारायला माझे पाय लटपटतात, या वयात. आता बोल!"

शेडमध्ये आवाज घुमला आणि विरला. दूर कुणीतरी हातोडी मारत होतं, तेही थांबलं.

माईने श्वास सोडला. तिने जे मागितलं होतं ते मिळालं होतं, अगदी शेंडा-बुडख्यासकट. आता हिशेबाने तिची पाळी होती. तोंडावर मागितली तर देऊन टाकीन, असं तिने मनाशी ठरवलं होतं ना? उदार मनाने, मान हलवून, घे बाबा म्हणून. तिने तोंड उघडलं. डोळ्यांसमोर तीन खिडक्या आल्या. फाटक आलं. शेजारणीचं अंगण आलं. मग ती गुलाबी भिंत आली आणि तिच्याबाहेरची दुसरी भिंत.

"नाही," माई म्हणाली.

"काय?"

"मागितलीस ते बरं केलंस. नाही देत."

"अगं, पण का?"

"का म्हणजे? माझी आहे म्हणून."

चिरंजीव आ वासून बघत राहिला. माईला स्वतःलाही जरा नवल वाटलं. आपण इतके दिवस स्वतःला केवढी दानशूर समजत होतो! पण लाज वाटली का? तिने आत चाचपून बघितलं. नाही वाटली. उलट बरं वाटलं, घट्ट चप्पल काढल्यासारखं.

"मग मी काय करू?" चिरंजीव म्हणाला.

"गाड्या सोड."

"नाही सोडणार."

हे तो पटकन म्हणाला, इकडे तिकडे न बघता. माईने त्याच्याकडे जरा नीट बघितलं. टक्कल तेच होतं, पण खालचा माणूस बदलल्यासारखा वाटला.

"मग नको सोडूस," ती म्हणाली. "पण माझ्या खोलीखालीच काय ते कर." आणि टायवाल्याला म्हणाली, "काय बघतोस? घे खाली."

"आजी, खाली घ्यायच्या आधी लॉक सुटायला थोडी वर घ्यावी लागते."

"मग विचारतोस काय? घे वर!"

गाडी हातभर वर गेली, खटके सुटले, आणि ती सावकाश खाली आली. सूनबाईने दार उघडून हात पुढे केला. माईने हाताकडे बघितलं, सूनबाईकडे बघितलं, आणि खांबाला धरून उतरली. मग दुकानातली सगळ्यात चांगली खुर्ची शोधून, जी बहुधा मालकाची होती, तीत बसली.

कात्रीची लिफ्ट कोपऱ्यात पडली होती. जमिनीला चिकटलेली, दोन लांबट पाट, खाली घडी घातलेली लोखंडी तंगडी. टायवाल्याने तिच्यावर दुकानातलीच एक छोटी गाडी चढवून वर नेली. वर कुठली, चिरंजीवाच्या छातीपर्यंत. जावईबापू आयुष्यात पहिल्यांदा काही न बोलता उभे होते. चिठ्ठी सुटली होती, पण धागा कॉलरला अडकला होता.

"हिला छताची काही अडचण नाही सर," टायवाला म्हणाला. "आणि चाकांचं स्टूल घेतलं की सर—"

चिरंजीवाने स्टूल ओढलं, बसला, पाय मारून गाडीखाली सरकला. इकडून तिकडे सरकला. हात वर करून कसलातरी बोल्ट चाचपला. पाठ सरळ ठेवून मान वाकवून बघितली. पुन्हा सरकला. त्याचे बूट तेवढे बाहेर दिसत होते आणि माई बुटांकडे बघत होती. हा आता बाहेर येऊन रडकं तोंड करणार, असं तिला वाटलं. तुझ्यामुळे मला ही दळभद्री लिफ्ट घ्यावी लागतेय, असं म्हणणार. उत्तर तयार होतं तिच्याकडे.

चिरंजीव बाहेर आला. "हीच घेतो," म्हणाला.

"माझ्यामुळे म्हणून नको हं," माई म्हणाली.

"तुझ्यामुळे नाही. बसून हात नीट पोचतो. उभं राहून मान दुखली असती, मघाशीच कळलं होतं." आणि हात पुसत पुढे म्हणाला, "सगळं तुझ्यामुळे नसतं, माई."

तयार ठेवलेलं उत्तर माईच्या तोंडातच राहिलं. ते गिळायला तिला जरा वेळ लागला.

परतीच्या वाटेवर माई पुन्हा उजव्या कोपऱ्यात बसली. गप्प. पण रीत कुठेतरी शेडमध्ये सांडली असावी, कारण चिरंजीव आरशातून सरळ तिच्याकडे बघत होता.

"माई, पहाटे उठून तू खुर्ची ओढतेस ना, रस्त्याच्या खिडकीशी. ती थेट आमच्या डोक्यात ओढली जाते. आमची खोली शेजारीच आहे. उचलून ठेव ना."

"इतकी वर्षं सांगितलं नाहीस."

"आज सांगतोय."

माईने सूनबाईकडे बघितलं. या बाईने लग्नापासून 'हो माई' आणि 'बरं माई' यापलीकडे शब्द काढला नव्हता. आता ती खिडकीबाहेर बघत होती, पण तिचे कान लाल झाले होते.

"माई, रागावणार नसाल तर," सूनबाई म्हणाली, "तुम्ही पाहुण्यांसमोर माझ्या हातचा चहा परत उकळायला पाठवता ना. तो कच्चा नसतो. मी तोच चहा आत नेऊन, थोडा वेळ थांबून, परत आणून देते. तुम्ही म्हणता, आता कसा झालाय बघ."

पुढे चिरंजीवाच्या तोंडून हसू फुटलं आणि त्याने खोकल्यात लपवायचा प्रयत्नही केला नाही.

"माझंही एक आहे," जावईबापू म्हणाले.

"तुम्ही राहू द्या, जावईबापू," माई म्हणाली. "तुम्ही अजून पाहुणे आहात."

गाडी सिग्नलला थांबली. माईच्या मनात आलं, सरळ बोला म्हणून आपणच चार खांबांवर चढून बसलो होतो. आता हे सरळ बोलायला लागलेत आणि एकाचाही आवाज चिरकत नाहीये. काय ही माणसं! मागायला सांगावं तर चोरी करतात, आणि बोलायला सांगावं तर थांबत नाहीत.

"संपलं का तुझं?" तिने सूनबाईला विचारलं.

सूनबाईने क्षणभर विचार केला. "नाही," ती म्हणाली. "अजून आहे."

"बोल मग," माई म्हणाली, आणि चष्मा काढून, घडी करून, नीट पिशवीत ठेवला.